ल्युमिएर बंधूंच्या गावातलं थेटर १८ वर्षं बंद होतं, आज तिथे पुन्हा सिनेमा लागतो : सव्वाशे वर्षांच्या ‘एडन’ची गोष्ट

फ्रान्सच्या दक्षिणेला, मार्सेय शहराजवळ समुद्राकाठी ला सियोता नावाचं एक गाव आहे. वस्ती जेमतेम ३५ हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. बंदर, मासळी, जुनी गोदी आणि उन्हाळ्यात येणारे पर्यटक, एवढाच काय तो पसारा.

पण या गावात एक पिवळ्या रंगाचं, समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं थेटर आहे. नाव ‘एडन’. २१ मार्च १८९९ या दिवशी तिथे तिकीट लावून सिनेमा दाखवला गेला. या गोष्टीला २०२४ मध्ये १२५ वर्षं पूर्ण झाली. विशेष म्हणजे आजही तिथे तिकीट काढून सिनेमा बघता येतो.

आता तुम्ही म्हणाल, जुनी थेटरं तर जगभर आहेत, मग याचंच काय एवढं? तर सिनेमा ज्यांनी पडद्यावर आणला त्या ल्युमिएर बंधूंचं हे गाव. त्या गाजलेल्या रेल्वेच्या फिल्मचं स्टेशन याच गावातलं. आणि एवढी पुण्याई गाठीशी असूनही हे थेटर एकदा पार बंद पडलं होतं. ते वाचलं कसं, हे आपल्यालाही माहीत असायला हवं. कारण आपल्याकडेही अशी थेटरं होती आणि त्यांचं काय झालं ते पुढे येईलच.

ल्युमिएर मंडळी या गावात आली कशी?

ल्युमिएर कुटुंब मूळचं ला सियोताचं नाही. त्यांचा कारखाना होता लियों शहरात. वडील आंतवान ल्युमिएर हे फोटोग्राफर. पुढे त्यांच्या मुलांनी, म्हणजे ओग्युस्त आणि लुई यांनी, फोटोसाठी लागणाऱ्या काचेच्या प्लेट बनवण्याचा धंदा एवढा वाढवला की घरात चांगलाच पैसा आला. पैसा आल्यावर आंतवानना समुद्राकाठी घर हवंसं वाटलं. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ला सियोतामध्ये मोठी जमीन घेतली आणि तिथे भलाथोरला बंगला बांधला. उन्हाळा आला की सगळं कुटुंब तिकडे मुक्कामाला.

एडन थिएटर तेव्हा नवंकोरं होतं. १५ जून १८८९ ला ते सुरू झालं होतं. सिनेमाचा शोध लागायच्या आधीची ही गोष्ट, त्यामुळे साहजिकच ते सिनेमासाठी बांधलेलं नव्हतं. तिथे नाटकं व्हायची, गाणी-बजावणी व्हायची, कुस्त्या आणि बॉक्सिंगचे सामनेही व्हायचे. गावातली करमणुकीची एकुलती एक जागा म्हटल्यावर जे येईल ते तिथे. थेटरचे मालक राऊल गालो आणि आंतवान ल्युमिएर यांची चांगली मैत्री होती. ही मैत्रीच पुढे कामाला आली.

नेमका शोध काय होता?

१८९४ मध्ये आंतवान पॅरिसला गेले असताना त्यांनी एडिसनचं एक यंत्र पाहिलं. लाकडी पेटी, तिच्या वरच्या भोकाला डोळा लावायचा आणि आत हलणारं चित्र बघायचं. मजा यायची, पण एका वेळी एकाच माणसाला. आंतवाननी घरी येऊन पोरांना सांगितलं की हे चित्र पेटीतून बाहेर काढा, सगळ्यांना एकदम दिसलं पाहिजे.

लुई आणि ओग्युस्त यांनी ते करून दाखवलं. १३ फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी ‘सिनेमॅटोग्राफ’ या यंत्राचं पेटंट घेतलं. हे यंत्र पाचेक किलोचं होतं. हाताने दांडा फिरवायचा, की सेकंदाला साधारण १६ चित्रं टिपली जायची. गंमत म्हणजे याच यंत्राने शूटिंग करता यायचं, याचनेच प्रिंट काढता यायची आणि मागे दिवा लावला की याचनेच पडद्यावर दाखवता यायचं. एडिसनचा कॅमेरा वजनाने अवाढव्य, तो स्टुडिओत ठेवायचा. ल्युमिएरांची पेटी मात्र बगलेत मारून कुठेही नेता यायची. म्हणूनच पुढच्या दीड वर्षात हा खेळ मुंबईपर्यंत पोहोचला.

फिल्मची एक रीळ सुमारे १७ मीटरची असायची, त्यामुळे एक सिनेमा जवळपास ५० सेकंदांत संपायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर एका रीलएवढा. मग शूट काय करायचं? जे समोर दिसेल ते. कारखान्यातून सुटलेले कामगार, पाडली जाणारी भिंत, समुद्रात उड्या मारणारी पोरं आणि स्टेशनात येणारी गाडी.

यातली समुद्रस्नानाची फिल्म ला सियोताच्या किनाऱ्यावर शूट झाली. रेल्वेची सगळ्यात गाजलेली फिल्मही ला सियोता स्टेशनावरचीच. कॅमेरा प्लॅटफॉर्मवर तिरका लावलेला, लांबून इंजिन येतं, मोठं मोठं होत जातं, गाडी थांबते, लोक चढतात-उतरतात. प्लॅटफॉर्मवरच्या गर्दीत ल्युमिएर कुटुंबातली माणसंही दिसतात.

सप्टेंबर १८९५ मध्ये ल्युमिएर मंडळींनी ला सियोतातल्या बंगल्यात मित्र आणि पाहुण्यांना बोलावून फिल्म दाखवल्या. पॅरिसमधला जगप्रसिद्ध खेळ यानंतरचा. २८ डिसेंबर १८९५ ला ग्राँ कॅफेच्या तळघरातल्या दालनात, एक फ्रँक तिकीट लावून तो झाला. पहिल्या दिवशी तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते अवघे ३३.

गाडी बघून लोक खरंच पळाले होते का?

ही गोष्ट तुम्ही कुठेतरी नक्की वाचली असेल. पडद्यावर गाडी येताना बघून लोक घाबरले, किंचाळले आणि खुर्च्या सोडून पळाले वगैरे. सिनेमाच्या इतिहासातली ही सगळ्यात लाडकी गोष्ट.

पण जर्मन अभ्यासक मार्टिन लोइपरडिंगर यांनी या गोष्टीचा माग काढला, तेव्हा अशी पळापळ झाल्याचा त्या काळातला कुठलाही ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. लोक थक्क झाले असतील, दचकलेही असतील, पण चेंगराचेंगरीची गोष्ट नंतर रंगवली गेली असं त्यांचं म्हणणं आहे. शिवाय २८ डिसेंबरच्या पहिल्या खेळात ही फिल्म नव्हतीच. ती लोकांसमोर आली १८९६ च्या सुरुवातीला. त्यामुळे पुढच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पहिल्या सिनेमाला लोक पळून गेले’ असा मेसेज आला, तर पुढे ढकलण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

एडनच्या तीन वर्षं आधी मुंबईत खेळ झाला होता

आता आपल्याकडे येऊ. ल्युमिएरांनी आपली माणसं यंत्र देऊन जगभर पाठवली. त्यातला मारियुस सेस्तिए हा ऑस्ट्रेलियाला निघाला होता. वाटेत तो मुंबईत उतरला. ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात त्याने खेळ केला. तिकीट एक रुपया. त्या काळात एक रुपया म्हणजे मोठी रक्कम, त्यामुळे येणारे बहुतेक साहेबलोक आणि शहरातली खात्यापित्या घरची मंडळी.

त्या दिवशी सहा फिल्म दाखवल्या गेल्या. त्यात एक होती गाडी येण्याची आणि एक समुद्रस्नानाची. गाडी येण्याचे प्रसंग ल्युमिएरांनी बऱ्याच स्टेशनांवर शूट केले होते, ला सियोताचा त्यातला सगळ्यात नावाजलेला. म्हणजे ला सियोताच्या एडनमध्ये १८९९ साली तिकीट लावून खेळ झाला, त्याच्या जवळपास तीन वर्षं आधी ल्युमिएरांचा हाच खेळ मुंबईकरांनी पाहिला होता. आठवडाभरात तो नॉव्हेल्टी थिएटरमध्ये हलला आणि चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत तिकिटं लागली. चार आणे झाल्यावर सामान्य माणूसही आत शिरू शकला.

हा खेळ पाहून एक मराठी माणूस झपाटला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीची फिल्म घेतली. पुढे १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, तेव्हा त्यांच्या स्वागताचीही फिल्म सावेदादांनीच केली. एकाच वर्षी, १८९९ मध्ये, तिकडे एडनच्या पडद्यावर सिनेमा लागला आणि इकडे एक मराठी माणूस स्वतः सिनेमा बनवायला लागला.

एडन चाललं कसं आणि बंद का पडलं?

२१ मार्च १८९९ च्या खेळाला अडीचशेच्या आसपास लोक होते. ल्युमिएरांच्या वीसेक फिल्म दाखवल्या गेल्या. त्यानंतर सिनेमा एडनचा कायमचा पाहुणा झाला. पण नाटकं आणि गाण्याचे कार्यक्रम थांबले नाहीत. गायिका एदित पिआफ, गायक आणि नट इव्ह माँताँ, विनोदी नट फेर्नांदेल अशा बड्या बड्या कलाकारांनी या स्टेजवर हजेरी लावली. गावातल्या दोन-तीन पिढ्यांनी पहिला सिनेमा इथेच पाहिला.

गावाचं पोट मात्र गोदीवर होतं. ला सियोतात मोठमोठी जहाजं बांधली जायची. हजारो कामगार तिथे राबायचे आणि पगार झाला की त्यातले कितीतरी जण रांगेत असायचे.

मग घरोघरी टीव्ही आला. जगातल्या सगळ्या थेटरांना जो फटका बसला तोच एडनला बसला. पुढे गोदीच्या धंद्यालाही उतरती कळा लागली. अशातच १९८२ मध्ये एक भयंकर घटना घडली. दरोड्याच्या प्रयत्नात थेटरच्या चालकाचा खून झाला. एडनचे रोजचे खेळ बंद झाले. वर्षातून एकदा गावात चित्रपट महोत्सव भरायचा, तेवढ्यापुरतं दार उघडायचं. १९९५ मध्ये तेही थांबलं, कारण इमारत धोकादायक झाली होती. दरम्यान १९८० च्या दशकाच्या शेवटी गोदीतलं जहाजबांधणीचं कामही बंद पडून गावाचा मुख्य रोजगार गेला होता.

आता विचार करा. गावात बेकारी, नगरपालिकेकडे पैशाची ओढाताण आणि समुद्रासमोर मोक्याच्या जागेवर एक पडकं थेटर. अशा जागेचं साधारण काय होतं ते आपल्याला चांगलंच ठाऊक आहे.

मग एडन वाचलं कसं?

एका रात्रीत कुणी श्रीमंत माणूस आला आणि त्याने चेक फाडला, असं काही झालं नाही. चार गोष्टी एकामागोमाग जुळून आल्या, आणि त्यात वर्षानुवर्षं गेली.

पहिली गोष्ट मालकीची. इमारत नगरपालिकेच्या ताब्यात आली. खासगी मालकाच्या दृष्टीने बंद थेटर म्हणजे खर्च आणि जमीन म्हणजे सोनं. त्यामुळे त्याने विकायचं ठरवलं तर त्याला दोष देता येत नाही. सार्वजनिक मालकी आल्यावर निदान निर्णय गावाच्या हातात आला.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९९६ मध्ये फ्रेंच सरकारच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत एडनचं नाव गेलं. यामुळे पाडापाडी थांबली. पण यादीत नाव आलं म्हणजे छप्पर गळायचं थांबतं असं नाही. नाव लागल्यावरही पुढची जवळपास सतरा वर्षं एडन बंदच होतं. वारसा यादी बुलडोझर अडवते, दुरुस्तीचे पैसे आणून देत नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. गावातल्या लोकांनी एडनसाठी संस्था काढली. संस्थेच्या नावातच श्लेष आहे. फ्रेंचमध्ये ‘ल्युमिएर’ म्हणजे प्रकाश, म्हणून संस्थेचं नाव ‘एडनचे ल्युमिएर’, म्हणजेच एडनचे दिवे. ही मंडळी सतत मागे लागून राहिली. नगरपालिका, प्रांत, केंद्र सरकार, चित्रपट क्षेत्रातली माणसं, सगळ्यांचे उंबरठे झिजवले. नेते बदलले, पण मागणी तीच राहिली.

चौथी गोष्ट संधीची. २०१३ सालासाठी मार्सेय आणि आसपासचा परिसर युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून निवडला गेला. अशा वर्षात निधी येतो, जगाचं लक्ष असतं आणि तारीख पाळावी लागते. एडनची फाईल तयारच होती. सुमारे ७० लाख युरो खर्चून इमारत दुरुस्त झाली आणि ९ ऑक्टोबर २०१३ ला थेटर पुन्हा उघडलं.

हे चौथं कारण नशिबाचं वाटेल. पण अशा संधी अनेक गावांना मिळतात. ज्यांची तयारी आधीपासून असते त्यांनाच त्याचा फायदा होतो. संस्थेने आधीची वर्षं लोकांना एडनची आठवण करून देत काढली नसती, तर २०१३ चं वर्षही आलं असतं आणि गेलं असतं.

नुसतं म्युझियम का नाही केलं?

हा निर्णय फार महत्त्वाचा होता. अशी इमारत दुरुस्त केली की तिथे काचेच्या पेट्या ठेवायच्या, तिकीट लावायचं आणि ‘हात लावू नका’ची पाटी टांगायची, हा सोपा मार्ग असतो. एडनमध्ये इतिहास सांगणारं प्रदर्शन आहेच, पण मुख्य काम सिनेमा दाखवण्याचंच ठेवलं. दीडशेहून थोड्या जास्त खुर्च्यांचं सभागृह आहे. तिथे जुने अभिजात सिनेमे लागतात, नवेही लागतात, शाळेची पोरं येतात, सिनेमानंतर चर्चा होते.

याचा फायदा काय? म्युझियम लोक आयुष्यात एकदा बघतात, थेटरला महिन्यातून दोनदा जातात. एकदा बघितलेल्या जागेसाठी कुणी भांडत नाही. जिथे आपण पोरांना घेऊन जातो, जिथली खुर्ची ओळखीची असते, ती जागा धोक्यात आली की माणूस बोलतो. एडनला आता गावातच रोज नवे राखणदार मिळतात.

जगातलं सगळ्यात जुनं थेटर नेमकं कोणतं?

इथे थोडं सावध राहायला हवं. एडनला जगातलं सगळ्यात जुनं सिनेमा थेटर म्हटलं जातं, पण दावेदार आणखीही आहेत. उत्तर तुम्ही प्रश्न कसा विचारता त्यावर ठरतं.

आज सिनेमा दाखवणाऱ्या आणि सिनेमाच्या जन्माशी थेट नातं असलेल्या इमारतींपैकी जुनी कोणती, असं विचारलं तर एडन. इमारत १८८९ ची आणि ल्युमिएरांशी घरोबा.

पण मोठा खंड न पडता सिनेमा दाखवत आलेलं थेटर कोणतं, असं विचारलं तर उत्तर अमेरिकेत सापडतं. आयोवा राज्यात वॉशिंग्टन नावाचं एक गाव आहे. राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे, सात-साडेसात हजार वस्तीचं छोटं गाव. तिथलं ‘स्टेट थिएटर’ १८९३ मध्ये ऑपेरा हाऊस म्हणून सुरू झालं आणि १४ मे १८९७ ला तिथे पहिल्यांदा सिनेमा दाखवला गेला. २०१६ मध्ये गिनीज बुकने या थेटरची नोंद घेतली. त्याआधी डेन्मार्कमधल्या कोर्सूर गावचं १९०८ चं थेटर हा मान मिरवत होतं.

या आयोवाच्या थेटरची एक गोष्ट सांगायलाच हवी. फ्रँक ब्रिंटन नावाचा एक खेळवाला त्या भागात गावोगाव सिनेमे दाखवायचा, या थेटरमध्येही दाखवायचा. १९१९ मध्ये तो वारला. त्याच्या फिल्म, पोस्टर, हिशेबाच्या वह्या सगळं एका शेतघराच्या तळघरात पडून राहिलं. १९८० च्या दशकात गावच्याच एका इतिहासाच्या शिक्षकाने ते सामान उचललं आणि कैक वर्षं जपलं. त्या रिळांमध्ये काय निघालं? फ्रान्सचे जादूगार दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस यांची हरवलेली समजली जाणारी फिल्म. या सगळ्यावर २०१७ मध्ये ‘सेव्हिंग ब्रिंटन’ नावाचा माहितीपट आला.

फ्रान्समध्ये एक संस्था, अमेरिकेत एक शिक्षक. दोन्हीकडे इतिहास टिकला तो ‘हे टाकू नका’ म्हणणाऱ्या माणसामुळे.

आणि आपल्याकडे?

आता थोडं कडू.

भारतात सिनेमाचा पहिला खेळ झाला ते वॉटसन हॉटेल आज एस्प्लनेड मॅन्शन या नावाने काळा घोड्याला उभं आहे. १८६० च्या दशकातली, इंग्लंडहून आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभारलेली ही इमारत. २००६ मध्ये जगातल्या सगळ्यात धोक्यात असलेल्या १०० वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं. गेली कित्येक वर्षं ती मोडकळीस आलेली आहे. २०१९ मध्ये राहणाऱ्यांना आणि दुकानदारांना बाहेर काढलं गेलं आणि ‘पाडायची की वाचवायची’ हा वाद कोर्टात गेला.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला लोकांसाठी लागला तो गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये. ते आज नाही. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला लागला गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये. ते पाडलं गेलं आणि तिथे शॉपिंग सेंटर झालं. नाव तेवढं मॅजेस्टिक राहिलं.

म्हणजे भारतातला पहिला खेळ, पहिला कथापट आणि पहिला बोलपट, तिन्ही मुंबईत झाले. यातल्या दोन जागा गेल्या आणि तिसरी मरणपंथाला लागली.

पण सगळंच वाईट नाही. चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाऊस घ्या. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुढे ते सिनेमा थेटर झालं आणि १९९३ मध्ये बंद पडलं. जुन्या वास्तूंच्या तज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याची दुरुस्ती झाली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं. म्हणजे मनावर घेतलं तर आपल्याकडेही होतं.

तुमच्या गावच्या टॉकीजचं काय?

महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी टॉकीज होती. आधी जत्रेत तंबू यायचा, मग पत्र्याचं थेटर झालं, मग पक्कं. स्टॉल, बाल्कनी, तिकीट खिडकीच्या गजातून आत घातलेला हात, मध्यंतरातला वडा आणि पडद्यावर फेकलेली चिल्लर. टीव्ही, व्हिडिओ, केबल, मल्टिप्लेक्स आणि शेवटी मोबाईल, एकेका लाटेने यातली बरीच थेटरं गेली. काहींचं मंगल कार्यालय झालं, काहींचं गोडाऊन, काहींच्या जागी कॉम्प्लेक्स उभं राहिलं आणि रिक्षा स्टॉपला नाव तेवढं उरलं.

सगळीच थेटरं वाचतील असं नाही आणि सगळीच वाचवावीत असंही नाही. धंदा नसेल तर मालकाने खड्ड्यात पैसे घालावेत असं सांगायचा आपल्याला अधिकार नाही. पण एडनच्या गोष्टीतून काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

* नोंद आधी करा. थेटर कधी सुरू झालं, पहिला सिनेमा कोणता, कुणी बांधलं, हे सांगणारी माणसं आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याशी बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. तारखा माहीत नसतील तर शंभरी कशी साजरी करणार?

* कागद टाकू नका. जुनी पोस्टर, गाण्यांची पुस्तकं, तिकिटांची बुकं, फोटो, रिळं. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, ते असं साहित्य जतन करतं. ‘राजा हरिश्चंद्र’चा जो थोडाफार भाग आज आपल्याला बघायला मिळतो, तो या संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी चिकाटीने शोधला म्हणून.

* इमारत पडायच्या आधी बोला. थेटर कुणाच्या मालकीचं आहे, जागा कशासाठी राखीव आहे, गावाच्या वारसा यादीत तिचं नाव आहे का, हे नगरपालिकेत विचारता येतं. पाडकाम सुरू झाल्यावर टाकलेल्या श्रद्धांजलीच्या पोस्टला लाईक भरपूर मिळतात, उपयोग शून्य.

* ती वापरा. गावातली टॉकीज अजून चालू असेल तर सगळ्यात सोपा उपाय तिकीट काढण्याचा. शाळेचा कार्यक्रम, फिल्म क्लब, रविवारी सकाळी जुना मराठी सिनेमा, असं काहीही चालेल. एडनही सुरुवातीपासून नाटक, कुस्ती, गाणी आणि सिनेमा असं सगळं करत आलं. थेटरने एकाच गोष्टीवर जगावं असा नियम कुठेच नाही.

ला सियोताची गोदी आज वेगळ्या रूपात सुरू आहे, तिथे आता धनिकांच्या आलिशान बोटींची दुरुस्ती होते. स्टेशनवर गाड्या येतात. आणि एडनमध्ये आजचा खेळ कोणता ते दारावरच्या फलकावर लिहिलेलं असतं. १२५ वर्षांच्या थेटरची याहून मोठी गोष्ट दुसरी नाही.

तुमच्या गावच्या टॉकीजचं नाव काय होतं आणि आज त्या जागेवर काय आहे? आठवत नसेल तर आज घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, आणि ते जे सांगतील ते लिहून ठेवा.